केबलचे पैसे वेगळे, पोरांचं काम वेगळं

पत्र

चोपडा तालुक्यात तापीकाठी माझी साडेतीन एकर केळी आहे. आखाजीनंतर (म्हणजे अक्षय तृतीयेनंतर) चौथ्या रात्री विहिरीवरच्या खोलीचं कुलूप तोडून स्टार्टर आणि साडेतीनशे फूट केबल नेली. जाताना ठिबकच्या नळ्याही विळ्याने कापल्या. सहा दिवस बागेला पाणी नव्हतं. पोलिसांनी पंधरा दिवसांत चार पोरं धरली, वयं १३, १५, १७ आणि १९. स्टार्टर एकाच्या घरात सापडला. केबल जाळून तांबं भंगारवाल्याला विकलेलं, चौघांना मिळून तीन हजार आले. लहान तिघं दुसऱ्याच दिवशी घरी आली. त्यांना जळगावच्या बाल न्याय मंडळापुढे नेलं त्याला आज आठ दिवस झाले.

१५ वर्षांचा पोरगा माझ्याच सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा. आखाजीला नवं साल ठरलं तेव्हा सालदाराला ४०,००० उचल दिली आहे. गावात बैठक झाली. ठरलं असं, की पोरांनी पुढच्या आखाजीपर्यंत माझ्या शेतात फुकट राबायचं आणि सालदाराच्या खात्यावर नुकसानीची रक्कम चढवायची. माझं नुकसान ७२,००० चं आहे. माझा मुलगा म्हणतो, जेलात घाला सगळ्यांना. त्यानेच मोबाइलवर दाखवलं, की परदेशात अशा पोरांकडून काम करून घेतात आणि नुकसान भरून देतात. आपल्याकडे तसं होतं का? माझे पैसे मिळतील का? गावाचं ऐकू की नको?

— एक केळी उत्पादक (पत्र संक्षिप्त करून छापलं आहे)

उत्तर

आप्पा,

गावाचं ऐकू नका. पुढचं सगळं यावरच उभं आहे, म्हणून हे आधी.

देणं फेडायला मजुरीशिवाय राबायचं आणि फिटेपर्यंत सोडून जायचं नाही, याला कायद्यात वेठबिगार म्हणतात. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. राबणारा अठराच्या आतला असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७९ येतं. मुलाला कामासाठी अडकवून ठेवणं किंवा त्याची कमाई अडवून धरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. आज तुम्ही फिर्यादी आहात. पोरांना वर्षभर राबवलंत तर तुम्हीच आरोपी व्हाल, आणि बैठकीत ठराव लिहून सह्या घेतल्या असतील तर तो कागद तुमच्याच विरुद्धचा पुरावा ठरेल. कुणी म्हणेल, तंटामुक्ती समिती होती ना. २००७ पासूनच्या त्या मोहिमेने गावातले पुष्कळ वाद चावडीवरच मिटवले, हे खरं. पण मंडळापुढे गेलेल्या मुलाला शिक्षा ठरवायचा अधिकार समितीला नाही.

सालदाराचं प्रकरण याहून नाजूक आहे. चौघांपैकी तो एकटाच तुमच्या हाताशी आहे, म्हणून चौघांची रक्कम त्याच्या खात्यावर चढवण्याचा मोह गावाला झाला. चढवू नका. सालभराची उचल घेतलेल्या माणसावर आणखी देणं चढवलं की पुढच्या आखाजीला तो साल सोडू शकत नाही, आणि वेठबिगारीची सुरुवात नेमकी इथून होते. मुलाने केलेल्या नुकसानीपोटी बापाची सालदारकी कापायची नाही. बापाला काही द्यायचं असेल तर ते मंडळापुढे लिहून, ठरलेल्या रकमेत, बाकीच्या पालकांइतकंच.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा जेलात ठेवता येत नाही. २४ तासांत मंडळापुढे न्यावं लागतं, आणि गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला घरी सोडणं हाच बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे नियम आहे. सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची भीती, मुलाच्या जिवाला वा मनाला धोका, किंवा सुटका झाल्यास न्यायाचा हेतूच फसेल अशी स्थिती, एवढ्या कारणांनीच ती नाकारता येते. तेव्हा पोरं दुसऱ्या दिवशी घरी आली यात कुणी पैसे चारले असं समजू नका. अशा प्रकरणात मंडळ फार तर विशेष गृहात, म्हणजे दोष ठरलेल्या मुलांच्या सुधारगृहात, पाठवू शकतं, तीन वर्षांच्या आत, आणि तो शेवटचा उपाय आहे. पोरगा तिकडे गेला तर तुम्हाला केबलीचा एक रुपया मिळत नाही.

मुलाने मोबाइलवर पाहिलं ते खोटं नाही. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या एल्मायरा गावी १९७४ साली दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. प्रोबेशन अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना घरोघर जाऊन नुकसान विचारायला लावलं आणि भरपाई द्यायला लावली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात मुलगा, त्याचं कुटुंब आणि नुकसान सोसलेला माणूस यांची बैठक हीच मुख्य वाट केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या न्यायालयाने १९७० च्या दशकात स्थानिक दुकानदारांकडून कामं मिळवली. पोरांनी मजुरी कमवायची आणि तिच्यातून भरपाई द्यायची. युटा राज्यात बालन्यायालयाकडे अशा कामाचे पैसे देण्यासाठी निधी असतो, पोरगा सार्वजनिक काम करतो आणि त्याचा मोबदला नुकसान झालेल्याला जातो.

आपल्या कायद्यात ही शेवटची जोडणी नाही, आणि लोकांची गल्लत इथेच होते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १८ मध्ये मंडळ काय आदेश देऊ शकतं याची यादी आहे. समज देऊन घरी सोडणं, गटसमुपदेशन, समाजसेवा, मुलाला वा पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली मोकळं सोडणं), विशेष गृह. या यादीत ‘नुकसान झालेल्याला भरपाई’ अशी वेगळी ओळ नाही. दंड झाला तरी तो आपोआप तुमच्या हाती येत नाही. आणि समाजसेवा बिनमोबदला असते, पोरगा साठ तास राबला तरी त्यातून तुमची केबल विकत येत नाही. म्हणून पैसे आणि काम ही दोन खाती वेगळी धरा. पैसे पालकांच्या लेखी हमीतून येतात, काम मंडळाच्या आदेशातून. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. पण ‘अमुक तास केले की तमुक रुपये फिटले’ असा हिशेब लावला की तुमच्या गावात झाला तोच घोळ होतो.

चार पोरांची वयं चार, आणि कायदा वयाप्रमाणे वेगळा लागतो.

१३ वर्षांच्याला समाजसेवा देता येत नाही. २०१६ च्या आदर्श नियमांत समाजसेवेची व्याख्याच चौदा वर्षांवरच्या मुलांपुरती आहे. त्याच्यासाठी समज, समुपदेशन, शाळा नियमित करण्याचा आदेश. गावाने त्यालाही बाकीच्यांसोबत फावडं द्यायचं ठरवलं असेल तर ते आजच थांबवा.

१५ आणि १७ वर्षांच्यांना समाजसेवा लागू होते. नियमांतली उदाहरणं बागेची निगा, वृद्धांची सेवा, दवाखान्यात मदत, दिव्यांग मुलांची सेवा, वाहतुकीला मदत अशी आहेत. आदेश मात्र चौकशीअंती दोष ठरल्यावरच निघतो. आज पोरं कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहेत, त्यामुळे ‘काम सुरू करून टाकू, आदेश येईल मागाहून’ हे चालत नाही.

१९ वर्षांच्याचा खटला नेहमीच्या न्यायालयात. भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून मोठ्यांनाही समाजसेवेची शिक्षा आणली आहे, पण चोरीत ती फक्त पहिल्या गुन्ह्याला, माल ५,००० रुपयांच्या आतला असेल आणि परत केला असेल तर. तुमचा माल त्याहून महाग आहे. त्याच्यासाठी दुसरी वाट आहे ती १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाची. न्यायालयाने त्याला परिवीक्षेवर सोडलं तर कलम ५ प्रमाणे तुम्हाला वाजवी भरपाई द्यायचा आदेश करता येतो. सरकारी वकिलांना हे मुद्दाम सांगून ठेवा, मागितलं नाही तर बऱ्याचदा राहून जातं.

आता तुमचा ७२,००० चा आकडा. तुम्ही पाठवलेल्या फोडीत केबल १४,०००, स्टार्टर ४,५००, नळ्या आणि जोड २,३००, वायरमन १,२००, म्हणजे २२,०००. वरचे ५०,००० केळीच्या घडांच्या घटीचे. स्टार्टर सापडला आहे, तो वगळा. पोलिसांकडचा मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर) परत मागायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली अर्ज करता येतो, खटला संपेपर्यंत थांबायला नको. अर्जासोबत खरेदीची पावती आणि स्टार्टरवरचा नंबर जोडा. केबल पाच वर्षांची होती असं तुम्हीच लिहिलंय. जुन्या केबलीला नव्याचा भाव लावला तर समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात तुमचा सगळा आकडा पाडेल. १०,००० धरा. नळ्यांचे आणि वायरमनचे पावतीप्रमाणे. झाले १३,५००. जळालेलं तांबं जप्त होऊन परत मिळालं तर त्याची भंगार किंमत यातूनही वजा होते.

केळीचे ५०,००० या कागदात घालू नका. मे महिन्यात खान्देशातल्या उन्हात सहा दिवसांची तहान बागेला मारते, हे कुणी नाकारणार नाही. पण घड हलके राहिले ते तहानेने की त्या आठवड्याच्या उष्म्याने, हे वेगळं काढून दाखवता येत नाही, आणि मंडळ काही दिवाणी न्यायालय नाही. तो दावा लावायचाच असेल तर कृषी सहायकाकडून बागेची पाहणी आत्ताच लेखी करून घ्या, ओळीनिहाय झाडं मोजून, आणि पुढे १९ वर्षांच्यावर आणि भंगारवाल्यावर दिवाणी दावा म्हणून ठेवा. पंधरा वर्षांच्या पोराच्या घरावर अठरा हजारांचा वाटा आला की ते घर पहिला हप्तासुद्धा भरत नाही. देणं आवाक्यातलं असेल तरच फिटतं.

१३,५०० चे चार वाटे, प्रत्येकी ३,३७५. दरमहा ५०० चे सहा हप्ते आणि सातवा ३७५ चा. सगळ्यांना सारखा वाटा हा काटेकोर न्याय नाही, १९ वर्षांच्याचा हात मोठा असणार. पण कुणाचा किती याची चिरफाड करत बसलात तर पावसाळा जाईल. त्याचा वाटा त्याच्या न्यायालयातून घ्या, त्यासाठी लहान तिघांचे हप्ते अडवू नका.

घाई एका गोष्टीची आहे. मुलाला पहिल्यांदा मंडळापुढे उभं केल्यापासून १५ दिवसांत प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे परिवीक्षा अधिकारी, सामाजिक तपासणी अहवाल देतो. आठ दिवस गेले, सात उरलेत. घर, शाळा, संगत, व्यसन, शेजाऱ्यांचं मत हे सगळं त्यात येतं, आणि पुढचा आदेश पुष्कळसा त्यावर बेततो. नुकसान झालेल्याला काय हवं आहे हे अहवाल लिहून झाल्यावर कळवलं तर उपयोग कमी. म्हणून या आठवड्यातच जळगावला जाऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटा. सोबत फिर्यादीची प्रत (फिर्यादीला ती मोफत मिळते), पंचनाम्याची प्रत, सातबारा, पावत्या, कापलेल्या नळ्यांचे फोटो आणि एका पानाचा अर्ज न्या. अर्जात तीनच गोष्टी असू द्या: नुकसानीचा तक्ता, हप्त्यांचा प्रस्ताव, आणि ‘दोष सिद्ध झाल्यास समाजसेवेचा आदेश व्हावा, तो माझ्या शेतावर नसावा’ हे वाक्य. पोरांच्या चालचलणुकीवर अर्जात शेरे मारू नका, तपास करणं त्यांचं काम आहे.

फिर्यादीवर कलमं कोणती आहेत तेही बघून घ्या. साधी चोरी, न्याय संहितेचं कलम ३०३, तीन वर्षांपर्यंत, म्हणून किरकोळ गुन्हा. माल ठेवायच्या खोलीतली चोरी म्हणून ३०५ लावलं असेल तर सात वर्षांपर्यंत, म्हणजे किरकोळ राहत नाही. रात्री कुलूप तोडल्याचं कलम जोडलं असेल तरी तेच. फरक असा, की मंडळाची चौकशी चार महिन्यांत संपायची असते, फार तर आणखी दोन महिने वाढ. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यात संपली नाही तर प्रकरण तिथेच बंद होतं. गंभीर गुन्ह्यात मुख्य न्यायदंडाधिकारी मुदत वाढवू शकतात. तुम्ही साक्षीला दोनदा गैरहजर राहिलात, केळी कापणी होती, एसटी चुकली, काहीही असो, किरकोळ कलमात त्याची किंमत तुम्हीच मोजाल.

पालकांची हमी वकिलामार्फत लिहून घ्या. मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, पालकांना तसं सांगा. मजकुरात एकूण रक्कम, हप्त्याची तारीख, बँक खातं आणि एक वाक्य हवं, की ही रक्कम नुकसानीपोटी आहे, गुन्ह्याची कबुली नाही. ते वाक्य नसेल तर चांगला वकील पालकांना सही करू देणार नाही, आणि बरोबरच करेल. पैसे रोख घेऊ नका. खात्यावर घ्या, दर हप्त्याची पोच लिहून द्या आणि तिची एक प्रत मंडळाच्या फायलीला लावा. घरी जाऊन वसुली तर अजिबात नको. हप्ता चुकला तर परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवायचं.

इथे एक गोष्ट नेहमी घडते. बाप कुठून तरी उसनवार करून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी आणून ठेवतो, कधी आईची पोत सोनाराकडे जाते. पैसे मिळाले म्हणून तुम्ही सुटलात असं वाटेल, पण पोरगा त्या व्यवहारात कुठेच नसतो, आणि घर सावकाराच्या दारात गेलेलं असतं. एकरकमी घेऊ नका. १७ वर्षांचा सुट्टीत मजुरीला जातोच असं तुम्ही लिहिलंय. त्याच्या कमाईतले महिना दोन-तीनशे त्याच्या हप्त्यात यावेत, बाकीचे पालकांनी घालावेत. मजुरी दुसऱ्याकडची असावी, तुमच्याकडची नको, आणि ती आधी त्याच्या हातात पडावी. चौदा ते अठरामधल्या मुलांना धोक्याच्या कामाला मनाई आहे. फवारणी, कडबाकुट्टी, ट्रॅक्टर, विजेची जोडणी या चारही गोष्टींपासून त्याला लांबच ठेवा.

मंडळाने समाजसेवेचा आदेश दिलाच तर ती कशी आखावी, हे तुमच्या हातात नसलं तरी अर्जासोबत सुचवता येतं, आणि नेमका प्रस्ताव समोर असला की मंडळाचंही काम सोपं होतं. कायद्यात तासांचा आकडा नाही. आमचा अंदाज सांगतो. पंधरा वर्षांच्याला ४२ तास, सतरा वर्षांच्याला ६०. एका वेळी तीन तास, आठवड्यातून दोनदा. म्हणजे एकाचं सात आठवड्यांत, दुसऱ्याचं दहा आठवड्यांत संपतं. किशोरवयीन कामगारांच्या कायद्यात सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती आणि रात्री ७ ते सकाळी ८ काम बंद असा नियम आहे. समाजसेवा म्हणजे नोकरी नव्हे, पण माप म्हणून तो वापरावा. सकाळी ८ ते ११ ही वेळ खान्देशात एरवीही बरी, त्यानंतर पावसाळ्याबाहेर ऊन काम करू देत नाही. शाळेचे दिवस वगळून रविवार आणि एखादी सुट्टी. सहामाही परीक्षेचे पंधरा दिवस मोकळे सोडा. यातल्या कुणाचं घर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार असेल तर सगळं दिवाळीआधी संपेल असंच मोजा. कोयता उचलून घर हललं की पोरगाही जातो, आणि फायलीत मात्र ‘आदेशाचं पालन केलं नाही’ असं लिहिलं जातं.

काम कोणतं? यांनी पाणी तोडलं, तर पाण्याचंच काम द्यावं. जिल्हा परिषद शाळेच्या आवारातल्या झाडांना आळी करणं, जुन्या ठिबकच्या नळ्यांचे जोड बसवणं, फिल्टर धुणं. ‘गावात स्वच्छता करतील’ असं मोघम लिहिलं तर पहिल्या दिवशी झाडू हातात देऊन देखरेख करणारा चहाला जातो आणि चौथ्या दिवसापासून नुसत्या सह्या होतात. दर खेपेला काय संपलं पाहिजे ते आधी लिहा: आज दहा आळी, आज वीस जोड. दर खेपेला एक खुरपं, एक टोपली, हातमोजे, पाच लिटर पिण्याचं पाणी, मीठ-साखर. वहीत तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, झालेलं काम, मुलाची सही, देखरेख करणाऱ्याची सही. सहा रकाने पुरे.

गटार आणि संडास देऊ नका, कुणी कितीही आग्रह धरला तरी. पोरगा एखाद्या विशिष्ट समाजाचा असेल तर ते काम शिक्षा न राहता त्याच्या जातीकडे दाखवलेलं बोट होतं, आणि गाव ते बरोबर तसंच वाचतं.

देखरेखीला माणूस किंवा संस्था कोणती ते मंडळ ठरवतं. तुम्ही सुचवताना निवृत्त शिक्षक किंवा पाणीपुरवठ्याचा कर्मचारी सुचवा. सरपंचाचा उजवा हात नको, तुमचा भाऊबंद नको, तुम्ही तर नकोच. दोन्ही पोरांना वेगवेगळे दिवस द्या. एकत्र दिले की टोळी पुन्हा जमते आणि १९ वर्षांचा बांधावर येऊन बसतो. दोन खेपा चुकल्या तर काय, हेही आधी ठरवा. आजारपण किंवा घरचं काम असेल तर पुढच्या आठवड्यात भरून काढायचं, तिसऱ्या विनाकारण गैरहजेरीला परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवायचं. हा नियम नसला की पहिल्याच दांडीला गाव म्हणतं ‘बघा, सांगितलं होतं’, आणि पोरगाही सोडून देतो.

फोटो काढू देऊ नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘केबल चोरांकडून श्रमदान’ असं टाकणाऱ्याला हे माहीत नसतं. गटचालकाला आत्ताच सांगून ठेवा.

समोरासमोर भेटायचं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण सालदाराचा पोरगा रोज दिसत असणार, म्हणून लिहितो. भेटावं, पण चौकशीचा निकाल लागल्यावर, आणि चावडीवर नाही. परिवीक्षा अधिकारी किंवा समुपदेशक मध्ये असावा, त्याने आधी दोन्ही बाजूंशी वेगळं बोलून घ्यावं. पाऊण तास पुरतो. तुम्ही सांगायचं, की सहा दिवस पाणी नव्हतं तेव्हा काय झालं, टँकरचा विचार केलात का, रात्री शेतावर कोण झोपायला लागलं. पोराने सांगायचं, की केबल कुणाच्या सांगण्यावरून, कशी जाळली, हिश्शाचे पैसे कशात गेले. पाया पडायला लावू नका. माफी मागायला लावलीत तर शब्द मिळतात, माहिती मिळत नाही. आणि तुम्हाला उपयोगी पडेल ती माहिती भंगारवाल्याची आहे.

तुमच्या पत्रात त्या माणसाला एक ओळही पुरी मिळालेली नाही. साडेतीनशे फूट तीन तारी केबलीतून, तार ४ चौरस मिलिमीटरची असेल तर, अकरा किलोच्या आसपास तांबं निघतं. जळक्या, काळ्या तारेची एवढी गुंडाळी पोरांकडून तीन हजारांत घेणाऱ्याला ती कुठून आली हे कळत नव्हतं असं कुणी मानणार नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. त्याने किंवा त्या १९ वर्षांच्याने लहान पोरांना मुद्दाम या कामाला लावलं असं निघालं, तर बाल न्याय अधिनियमाचं कलम ८३ लागतं, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. तपास अधिकाऱ्याला पुरवणी जबाब द्या आणि त्याच्या काट्याची, खरेदी वहीची तपासणी मागा. गावच्या बैठकीला त्याला बोलावलं होतं का?

राहिला सतरा वर्षांचा. तो पोलीस भरतीसाठी पळतो, आणि गावातला कुणी त्याला ‘दाखला मिळू देणार नाही’ म्हणून धमकावतोय असं तुम्ही शेवटी कोपऱ्यात लिहिलंय. त्याच्या प्रकरणाची चौकशी मंडळापुढेच होत असल्याने दोष ठरला तरी बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे त्यामुळे कुठलीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत किंवा नियमांत ठरलेला वाजवी काळ संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. धमकी देणाऱ्याला हे कलम दाखवा. पोरालाही दाखवा. साठ तासांचं वेळापत्रक आखताना त्याची पहाटेची पळण्याची वेळ तशीच राहू द्या, काम आठलाच सुरू होतं.